दुधातल्या विषाणूचा माग

सिंधुदुर्गातल्या कुठल्याही गावात ‘टाटाला नेलंय’ एवढे म्हटले की पुढे आजाराचे नाव कुणी विचारत नाही. मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला परळ परके नव्हतेच. लालबाग-परळच्या गिरण्यांत कोकणातले चाकरमानी राबत होते, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले ते त्यांच्या चाळींच्या शेजारी. रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची घडी बसवली डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी. आडनाव वेंगुर्ल्याजवळच्या खानोलीचे, जन्म मात्र दूर क्वेट्ट्यात. निदानासाठी काचेवर घेतलेल्या पेशी बघून थांबायचे नाही, आजार होतो कशाने याचाही शोध घ्यायचा, असा त्यांचा आग्रह होता. त्यातूनच १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले.

फेब्रुवारी १९७१मध्ये ‘नेचर’ या विलायती साप्ताहिकात एक शोधनिबंध आला. लेखक दहा. पहिले सात अमेरिकेतले, शेवटचे तीन मुंबईचे: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या तज्ज्ञ सत्यवती सिरसाट, टाटा रुग्णालयाचे शल्यविशारद जे. सी. पेमास्टर आणि तरुण संशोधक अखिल वैद्य. विषय होता माणसाच्या स्तनकर्करोगाचा विषाणू, आणि पुरावा होता आयांच्या दुधात सापडलेले सूक्ष्म कण. त्या दुधातले काही मुंबईच्या पारशी स्त्रियांचे होते. हा विषाणू पुढे निर्विवादपणे कुणाच्याच हाती लागला नाही. पण त्याच्या मागावर शहाणीसुरती माणसे इतकी दूरवर का गेली, हे समजून घ्यायचे तर आधी उंदरांकडे आणि मग साखरेच्या पाण्याकडे वळावे लागते.

अमेरिकेत बार हार्बर येथे जॉन बिटनर नावाचे संशोधक उंदरांचे वंश राखत. एका वंशातल्या माद्यांना स्तनकर्करोग हटकून व्हायचा, दुसऱ्यात क्वचित. आजार रक्तातूनच उतरत असणार, असा सगळ्यांचा समज. बिटनर यांनी पिल्ले अदलाबदल केली. रोगट वंशाची पिल्ले जन्मताच निरोगी माद्यांच्या अंगावर पाजली, तर त्यांच्यातला कर्करोग एकदम घटला. म्हणजे आजाराचे काहीतरी आईच्या दुधातून जात होते. हे १९३६ साली छापून आले. बिटनर यांनी विषाणूचे नाव घेण्याचे बरीच वर्षे टाळले, कारण कर्करोग विषाणूने होतो म्हणणाऱ्याकडे तेव्हा भले लोक जरा संशयानेच बघत. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या दुधात गोल, कवच असलेले कण दिसले आणि उंदरांपुरता प्रश्न मिटला.

परळलाही हे काम चालू होते. पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या हाताखाली १९४९ साली पीएच.डी. केली ती उंदरांच्या स्तनग्रंथींवरच्या कामातून. नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. हेला या नावाने प्रसिद्ध झालेल्या पेशी ज्यांनी वाढवल्या, तेच हे गाय. परतल्यावर रणदिवे यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. केंद्राच्या नावाने ओळखला जाणारा उंदरांचा एक वंशही तिथे जोपासला गेला. त्यातल्या माद्यांना स्तनकर्करोग होई आणि त्यांच्यात दुधातला विषाणू खरोखरच होता. १९६६ ते १९७० या काळात रणदिवे केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. हे मुद्दाम सांगायचे कारण असे की अमेरिकेतून दुधाची विचारणा आली ती या विषयात वीसएक वर्षे मुरलेल्या जागी आली. मुंबईच्या लोकांनी नुसत्या बाटल्या भरून दिल्या, असे कुणी समजू नये.

आता साखरेचे पाणी. दुधातून विषाणू वेगळा काढायचा म्हणजे काय? दुधात स्निग्धाचे गोळे, प्रथिनांचे पुंजके, सुटलेल्या पेशी आणि त्यांच्या आवरणांच्या चिंध्या असतात. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले तर साय वर येते, जड ते तळाशी बसते. पण विषाणूसारखे बारीक कण वेगाने तळाशी नेले तर ते बाकीच्या गाळात मिसळून एकच ढेप होते. याला तोड काढली मायरन ब्राके या अमेरिकी वनस्पतितज्ज्ञाने, १९५१ साली. बटाट्याच्या झाडाला पिवळे आणि खुजे करणारा विषाणू त्यांना शुद्ध हवा होता. त्यांनी नळीत साखरेचे पाणी भरले ते तळाशी दाट आणि वर जाताना पातळ होत जाईल असे, थरावर थर. त्यावर रस अलगद ओतून नळी फिरवली. विषाणू तळाशी आदळला नाही. वाटेतच एका उंचीवर त्याचा पट्टा धरला. उजेडासमोर नळी धरली की तो धुरकट पट्टा डोळ्यांना दिसत असे.

कोकणातल्या शेतकऱ्याला यातले निम्मे नव्याने सांगायला नको. पेरणीआधी भात मिठाच्या पाण्यात टाकतात. पोल वर तरंगते, भरलेला दाणा खाली बसतो. तिथे पाणी एकाच दाटपणाचे असते, म्हणून निवाडाही एकच: वर किंवा खाली. ब्राके यांच्या नळीत दाटपणा बोटाबोटाला बदलतो, म्हणून प्रत्येक कण आपल्याइतक्याच घनतेच्या थरापाशी जाऊन अडतो. नळीच्या तळाला भोक पाडून थेंब मोजत वेगवेगळ्या शिश्यांत धरले की कोणता कण किती घनतेला थांबला ते कळते.

ही युक्ती वाऱ्यासारखी पसरली. साखरेच्या जागी सीझियम क्लोराइड घालून १९५८ साली मेसेल्सन आणि स्टाल यांनी डीएनएची नक्कल कशी होते ते दाखवले. ओक रिजच्या अणुसंशोधन केंद्रात नॉर्मन अँडरसन यांनी नळीऐवजी पोकळ ढोलातच असे थर फिरवायचे यंत्र बनवले आणि इन्फ्लुएंझाची लस त्यातून शुद्ध होऊ लागली. जिवंत पेशींना साखर मानवत नाही, ती त्यांच्यातले पाणी ओढून घेते. म्हणून स्वीडनच्या फार्मासिया कंपनीने फायकॉल नावाचा मोठ्या रेणूंचा पदार्थ आणला. त्यात आयोडीनयुक्त संयुग मिसळून १९६८ साली नॉर्वेच्या आर्ने ब्योयुम यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी निवडल्या, द्रावणाची घनता १.०७७. हा आकडा आजही प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर छापलेला असतो. सिलिकाच्या कणांचे परकॉल सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आले.

पण या पद्धतीची एक मर्यादा तिच्या सर्वांत वाकबगार वापरकर्त्याला पहिल्यापासून ठाऊक होती. बेल्जियमचे क्रिस्तियाँ द द्यूव्ह यांना उंदराच्या यकृतातल्या लायसोसोम नावाच्या पिशव्या वेगळ्या करायच्या होत्या. त्या आणि मायटोकाँड्रिया साखरेत जवळजवळ एकाच उंचीला थांबत. तेव्हा त्यांच्या गटाने उंदरांना ट्रायटन नावाचे एक रसायन टोचले. ते लायसोसोममध्ये साठले, पिशव्या हलक्या झाल्या आणि पट्टे वेगळे पडले. एकाच घनतेला दोन वेगळ्या वस्तू सुखाने नांदू शकतात, हे यात उघड होते. १९७१ साली मात्र हा धडा बऱ्याच जणांच्या मनात मागे पडलेला दिसतो.

न्यू जर्सीतल्या कॅम्डेनच्या वैद्यक संशोधन संस्थेत डॅन मूर हे जीवभौतिकशास्त्रज्ञ उंदरांच्या दुधातल्या विषाणूवर वर्षानुवर्षे काम करत होते. उंदरांत आहे तर माणसांत का नसावा, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. शोधायचे तर जिथे सापडण्याची शक्यता अधिक तिथे. त्यांनी दोन गट धरले. एक, घराण्यात स्तनकर्करोग असलेल्या अमेरिकी स्त्रिया. दुसरा, मुंबईच्या पारशी स्त्रिया.

पारशीच का, याचे उत्तर मुंबईच्या कागदपत्रांत होते. शहरात १९६३ साली कर्करोगाची नोंदवही सुरू झाली होती आणि तीत पारशी स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाचे प्रमाण इतर समाजांहून बरेच जास्त दिसे. पेमास्टर आणि गंगाधरन यांनी १९७० साली पारशी समाजातल्या कर्करोगावर स्वतंत्र निबंधच लिहिला. समाज लहान, लग्ने आपसांत, नोंदी चोख. खरे तर याच नोंदी दुसरेही काही सांगत होत्या. पारशी मुली उशिरा लग्न करत, मुले कमी होत, कित्येक जणी अविवाहित राहत. आणि मुले न होणे किंवा उशिरा होणे याचा स्तनकर्करोगाशी संबंध तेव्हाही माहीत होता. पण उंदरांचे वंश राखण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आपसांत लग्ने करणारा समाज दिसला की त्याला काय आठवणार? मला वाटते, या सगळ्या प्रकरणातली पहिली घसरण इथे आहे.

दूध गोळा झाले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजले गेले. सर्वसाधारण अमेरिकी स्त्रियांच्या शंभर नमुन्यांत पाचएक ठिकाणी, घराण्यात आजार असलेल्यांत साठएक आणि पारशी स्त्रियांत चाळिसाच्या आसपास, असे प्रमाण निबंधात आले. वाचणारा थबकणारच. उंदरांतल्या विषाणूसारखेच कण, आणि नेमके जिथे अपेक्षित तिथेच जास्त.

याला जोड मिळाली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या सोल स्पीगेलमन यांची. एक वर्ष आधी, १९७० साली, हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी अशा विषाणूंत एक अजब विकर दाखवले होते: आरएनएवरून उलट डीएनए बनवणारे. स्पीगेलमन यांच्या प्रयोगशाळेने ते हत्यार लगेच उचलले. स्त्रियांचे दूध साखरेच्या थरांवर फिरवायचे, १.१६ ते १.१९ घनतेचा पट्टा काढायचा, कारण उंदरांचा विषाणू तिथेच थांबतो, आणि त्या पट्ट्यात हे विकर आहे का ते पाहायचे. मे १९७१मध्ये श्लॉम, स्पीगेलमन आणि मूर यांनी ‘नेचर’मध्येच जाहीर केले की ते आहे. मग याच चाचणीला त्यांनी दुसरी नळी जोडली. तयार झालेला डीएनए विषाणूच्या लांबलचक आरएनएला चिकटलेला आहे का, हे ग्लिसरॉलच्या थरांतून तो किती वेगाने खाली उतरतो त्यावरून ठरवायचे. घनता, विकर, आरएनएची लांबी: तीन खुणा जुळल्या की विषाणू. पुढे रिचर्ड ॲक्सेल हे त्यांचे तरुण सहकारी स्तनाच्या गाठीतही उंदराच्या विषाणूशी जुळणारा आरएनए सापडल्याचे सांगणाऱ्या निबंधाचे लेखक झाले. हे तेच ॲक्सेल, ज्यांना २००४ साली वासाच्या ज्ञानावरच्या कामासाठी नोबेल मिळाले.

त्या दिवसांची हवाही ध्यानात घ्यायला हवी. अमेरिकी सरकार १९६४पासून कर्करोगाच्या विषाणूंवर खास कार्यक्रम चालवत होते. २३ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर सही केली. विषाणू सापडला तर लस, आणि लस म्हणजे पोलिओसारखा विजय, असा सरळ हिशेब होता. पैसा होता, घाई होती. प्रत्येक आशादायक पट्ट्याची बातमी होत होती.

बातमी घराघरांतही पोचली. आईच्या दुधातून कर्करोग जात असेल तर मुलीला पाजावे की नाही? घराण्यात स्तनकर्करोग असलेल्या स्त्रियांनी अंगावर पाजू नये, असा सल्ला काही डॉक्टर देऊ लागले. उत्तर प्रयोगशाळेतून नव्हे, साध्या हिशेबातून आले. जोसेफ फ्रॉमेनी आणि रॉबर्ट मिलर यांनी १९७१ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले की अमेरिकेत अंगावर पाजण्याचे प्रमाण विसाव्या शतकात उतरत गेले, स्तनकर्करोग मात्र उतरला नाही. शिवाय आजार आईच्या बाजूने येतो तसा वडिलांच्या बाजूनेही येतो, आणि वडील काही पाजत नाहीत. हा कागद आणि पेन्सिलीचा युक्तिवाद मला त्या सगळ्या सेंट्रिफ्यूजांपेक्षा वजनदार वाटतो.

मग एकेक टाका उसवू लागला. लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी १९७३ साली दुधात विषाणू शोधून पाहिला. घराण्यातला आजार आणि कण यांचा मेळ त्यांना दिसला नाही. स्वतः मूर यांच्या गटाच्या ध्यानात आले की मानवी दुधातच असे काही घटक आहेत जे विषाणूचे कण मोडतात. हे निरीक्षण खरे असले तरी फार सोयीचे होते. कण दिसला तर विषाणू आहे. दिसला नाही तर दुधाने तो मोडला. अशा दाव्याला खोटे ठरवायचे कसे?

१.१६ ते १.१९ या पट्ट्यात येऊन थांबायला विषाणूच असावे लागत नाही. या घनतेचे खरे कारण विषाणूभोवतीचे स्निग्ध आवरण आहे, आणि ते तो आपल्या यजमान पेशीकडूनच घेतो. दूध तर अशा आवरणांच्या तुकड्यांनी भरलेले. विकराची खूणही तेवढी निखळ नव्हती. पेशीची स्वतःची डीएनए बनवणारी विकरे ठरावीक परिस्थितीत तसे काम करून दाखवू शकतात. त्यात भर म्हणजे माणसाच्या जनुकसंचातच प्राचीन विषाणूंचे अवशेष आहेत, सुमारे आठ टक्के, आणि त्यातले काही अधूनमधून असे विकर बनवतात. ही गोष्ट १९७१ साली नीट माहीत नव्हती, तेव्हा तिचा दोष कुणाला देता येणार नाही. तिन्ही खुणा एकमेकींच्या साक्षीदार मानल्या गेल्या. प्रत्यक्षात तिघींनाही फसवू शकेल असा एकच कचरा त्या नळीत होता.

साधन खोटे होते असे मात्र नाही. त्याच वर्षांत कावीळ-ब चा माग काढणारे हेच साधन वापरत होते. बारूक ब्लमबर्ग यांना रक्तात सापडलेले एक प्रथिन सीझियम क्लोराइडमध्ये १.२० घनतेला थांबे. रुग्णांच्या रक्तद्रवातून घनतेच्या थरांवर ते वेगळे करून मॉरिस हिलमन यांनी लस बनवली आणि १९८१ साली अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. फरक इतकाच की तिथे पट्ट्यातली वस्तू आजाऱ्यांच्या रक्ताशी, संसर्गाच्या वाटेशी आणि चिंपांझींवरच्या प्रयोगांशी स्वतंत्रपणे जुळवून घेतली गेली. दुधाच्या बाबतीत अशी बाहेरची साक्ष कधी मिळाली नाही. स्पीगेलमन १९८३ साली गेले, तोवर हा विषय थंडावला होता.

मेला मात्र नाही. न्यूयॉर्कमध्ये बिआत्रिस पोगो यांच्या गटाने १९९५ साली स्तनाच्या गाठींत उंदराच्या विषाणूसारखे जनुकीय तुकडे सापडल्याचे लिहिले. तेव्हापासून काहींना ते सापडतात, काहींना नाही, आणि प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या डीएनएची भेसळ हा संशय दर वेळी उभा राहतो. दरम्यान घराण्यातल्या आजाराचे कोडे दुसऱ्याच दाराने सुटले. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली सतराव्या गुणसूत्रावर त्याची जागा दाखवली आणि १९९४ साली बीआरसीए-१ हे जनुक हाती आले. आईकडून किंवा वडिलांकडून, दोन्हीकडून उतरणारे.

परळच्या माणसांचे पुढे काय झाले? रणदिवे यांनी १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभी केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. अखिल वैद्य अमेरिकेत हिवतापाच्या परजीवीकडे वळले आणि त्याच्या मायटोकाँड्रियावरच्या कामाने त्यांचे नाव झाले. घनतेच्या थरांनी आपली पायरी ओळखून घेतली, असे म्हणायला हरकत नाही. आज ते पूर्वतयारीचे काम करतात: रक्तातल्या पेशी निवडणे, लशीचा विषाणू धुऊन काढणे, वंध्यत्वाच्या दवाखान्यात चपळ शुक्रजंतू वेगळे करणे. तो पट्टा काय आहे हे मात्र त्यांना कुणी विचारत नाही.

याचा दाखला सिंधुदुर्गातच मिळाला. २०१६च्या जानेवारीत दोडामार्ग तालुक्यात माकडे मरू लागली आणि माणसे तापाने फणफणली. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांदा परिसरात तेच. काजूच्या बागांचा हंगाम आणि गोचिडींचा हंगाम एकच, त्यामुळे रानात जाणारे सापडले. रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत तपासले गेले. हा होता माकडताप. त्याचा विषाणू १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या रानातून पहिल्यांदा ओळखला गेला, तो याच संस्थेच्या जुन्या अवतारात. त्यालाही स्निग्ध आवरण आहे. साखरेच्या थरात तो १.१९च्या आसपास, म्हणजे मूर आणि स्पीगेलमन यांच्या पट्ट्याच्या अगदी काठावर थांबतो. पण दोडामार्गच्या रुग्णांचे निदान झाले ते विषाणूची जनुके शोधून आणि रक्तातली प्रतिपिंडे तपासून.